भोकाचा पंच आणि पेल्यातला पंच

लहानपणी एसटीत बसलं की माझी नजर कंडक्टरच्या हातातल्या चिमट्यावर खिळलेली असायची. तिकिटांच्या पेटीवर टकटक वाजवत तो पुढे सरकायचा, तिकीट फाडून आकड्यावर कट्टकन भोक पाडायचा आणि कागदाची इवलीशी टिकली खाली पडायची. त्या टिकल्या गोळा करणं हा आमचा प्रवासभराचा उद्योग. तो चिमटा म्हणजे पंच. पुढे कुणाच्या तरी रिसेप्शनला काचेच्या मोठ्या भांड्यात संत्र्याच्या चकत्या तरंगणारं लालसर पेय दिसलं, पाटीवर लिहिलं होतं ‘फ्रूट पंच’. या पंचाचा त्या पंचाशी काय संबंध? मला वाटलं, फळांना भोकं पाडून रस काढत असतील.

संबंध काहीच नाही. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग एक, उच्चार एक, पण घराणी वेगळी.

भोकाचा पंच लॅटिनकडून आला. तिथे ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणे. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये टोच्यासारख्या हत्याराचं नाव झालं आणि तिथून हा शब्द इंग्रजीत शिरला. याचे भाऊबंद आपण रोज वापरतो. टायर पंक्चर होतं ते याच टोचण्यातून, पेन्सिलीचा पॉइंट तोच, आणि वेळेच्या अगदी टोकावर हजर राहणारा माणूस पंक्च्युअल, तोही यातलाच. ठोसा हा अर्थ मात्र नंतर चिकटला. आधी टोचणे, मग ढोसणे, काठीने ढोसून गुरं हाकणे, आणि मग मुठीने हाणणे. अमेरिकेत गुराख्याला ‘काउपंचर’ म्हणतात तो गाईंना ठोसे मारतो म्हणून नव्हे, काठीने ढोसतो म्हणून. आपल्याकडे बैलांसाठी आर लावलेली पराणी असते, तेच काम. ऑफिसात सकाळी कार्ड ‘पंच’ करतात तेही भोकाचंच, जरी आता मशीनवर अंगठा टेकवला की भागतं आणि भोक कशालाच पडत नाही.

पेल्यातल्या पंचाची गोष्ट जास्त मजेची, कारण ती आपल्या किनाऱ्यावरची आहे. इंग्रजीत या पेयाचा पहिला उल्लेख सापडतो तो २८ सप्टेंबर १६३२ च्या एका पत्रात. ईस्ट इंडिया कंपनीचा रॉबर्ट ॲडम्स नावाचा माणूस आंध्र किनाऱ्यावरच्या पेट्टापोलीच्या वखारीतल्या सहकाऱ्याला लिहितो आणि त्यात पंच पिण्याचा विषय काढतो. इंग्लंडमधल्या गुत्त्यांत हे पेय लोकप्रिय झालं ते नंतर.

पण खरा साक्षीदार जॉन फ्रायर. हा कंपनीचा डॉक्टर, १६७० च्या दशकात मुंबई, सुरत, गोवा असा फिरलेला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये छापलं गेलं. त्यात तो सांगतो की उत्तम अरक, म्हणजे गाळलेली दारू, नेरूलची. हे नेरूल म्हणजे गोव्यातल्या बार्देशचं, नवी मुंबईचं नव्हे. या अरकापासून इथले इंग्रज अंगातलं त्राण काढून घेणारं एक पेय बनवतात, त्याला ‘पाँच’ म्हणतात, आणि हिंदुस्थानी भाषेत त्याचा अर्थ पाच, कारण जिन्नस पाच पडतात. अरक, साखर, लिंबू, पाणी आणि जायफळासारखा मसाला, असं ते पंचक साधारण सांगितलं जातं. आपल्या पंचामृताचं नाव ज्या हिशेबाने पडलं त्याच हिशेबाने हे पडलं, फक्त हे तीर्थ जरा वेगळं.

यावर शंका घेणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. सुरतेत आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो १६३८ च्या सुमाराला याच पेयाचं वर्णन करतो, पण त्याच्या कृतीत जिन्नस चारच: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. शिवाय त्या काळच्या इंग्रजीत हा शब्द ‘पुंच’च्या जवळ उच्चारला जाई, मग तो ‘पाच’वरून कसा आला? त्यांच्या मते दारूच्या पिंपाला ‘पंचन’ म्हणत, त्याचंच हे आखूड रूप. मला फ्रायरचं पटतं. खलाशी जिन्नस मोजून पीत नसतात, पण नाव एकदा पडलं की पडलं. मिसळीत रोज वेगळं काही पडलं तरी ती मिसळच राहते.

खरी गल्लत होते ती जोडशब्दांत. ‘पंच बाऊल’ म्हणजे पेयाचं भांडं, इथे मुठीचा संबंध नाही. उलट ‘पंच ड्रंक’ वाचून कुणालाही वाटेल की पंच पिऊन झिंगलेला. तसं नाही. डोक्यावर वर्षानुवर्षं ठोसे खाऊन ज्याचा तोल जातो, जीभ जड होते, तो बॉक्सर पंच ड्रंक. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरने १९२८ मध्ये याच नावाचा शोधनिबंध लिहिला. दारूचा थेंब न घेताही माणूस पंच ड्रंक होऊ शकतो.

‘प्लीज्ड ॲज पंच’, म्हणजे बेहद्द खूश, यातला पंच तिसराच. तो कळसूत्री बाहुल्यांच्या खेळातला नाकाड्या, इटालियन पुल्चिनेल्लाचा इंग्रज अवतार. १८४१ मध्ये लंडनला निघालेलं ‘पंच’ साप्ताहिक त्याच्या नावाचं, आणि त्या धर्तीवर मुंबईत ‘हिंदी पंच’ निघाला.

मराठीत तर घोळ आणखी वाढतो, कारण आपल्याकडे निवाडा करणारेही पंच. बॉक्सिंगच्या बातमीत ‘पंचांनी पंच ग्राह्य धरला नाही’ असं वाक्य आलं तर ते चूक नाही, फक्त दोनदा वाचावं लागतं.

गंमत म्हणजे या ठोशाच्या पंचाचं पाचाशी नातं नसलं, तरी मुठीचं बहुधा आहे. इंग्रजी ‘फिस्ट’ हा शब्द ‘पाच’च्याच प्राचीन मुळापासून आला असावा, असा भाषाशास्त्रज्ञांचा कयास आहे. फारसीतून आलेला आपला ‘पंजा’ तर उघड उघड पाचाचाच. बोटं पाच, म्हणून.