मशीन लावल्याने कान ‘आळशी’ होतो का?

“कानाला मशीन लावू नका, कान आळशी होतो आणि उरलंसुरलं ऐकणंही जातं.” विट्यात यंत्रमागावर उमेदीची वर्षं घालवलेल्यांना हा सल्ला हमखास मिळतो. देणाऱ्याचं निरीक्षण काही चुकत नाही. मशीन काढलं की घर खरंच मुकं वाटतं आणि काही वर्षांनी मशीनचा आवाजही वाढवावा लागतो.

कारण मात्र वेगळं आहे. वयाने आणि मागाच्या सततच्या खडखडाटाने आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. वयाची झीज मशीन असो-नसो, चालूच राहते. आणि मशीन काढल्यावरची शांतता? ती आधीचीच, मेंदूला मोठ्या आवाजाची सवय लागली म्हणून आता जाणवते.

उलट १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्ही कान अधू, पण मशीन एकाच कानाला, अशी माणसं पाहिली होती. काही वर्षांत शब्द ओळखण्याची ताकद घसरली ती बिनमशीनच्या कानाची!

पडताळायचं असेल तर ऑडिओग्रामचे, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखाचे, कागद टाकू नका. त्यावर लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. ही चाचणी मशीन काढूनच होते, त्यामुळे दरवर्षीचे आलेख शेजारी ठेवले की कळतं. ५ डेसिबलचा फरक चाचणीतलाच असू शकतो, त्याने घाबरू नये. जपायचं ते तपासणीशिवाय घेतलेल्या, नुसता आवाज वाढवणाऱ्या स्वस्त यंत्रापासून. अती मोठ्या आवाजाने कानाला इजा होऊ शकते.