ॲडम लँबर्ट ‘पहिला’ ठरला, पण नेमका कशात?

‘बिलबोर्ड २०० या अमेरिकी अल्बम-यादीत अव्वल ठरलेला पहिला समलिंगी गायक म्हणजे ॲडम लँबर्ट’, असं या अमेरिकी गायकाबद्दल त्याचे चाहते २०१२ पासून छाती फुगवून सांगतात. हे अर्धवट आहे. १९७२ ते १९७५ दरम्यान एल्टन जॉनचे सात अल्बम अव्वल होते. जॉर्ज मायकेलचा ‘फेथ’ १९८८ मध्ये, रिकी मार्टिनचा इंग्रजी अल्बम १९९९ मध्ये पहिला आला. मात्र त्या वेळी यांपैकी कुणीच आपण समलिंगी असल्याचं जाहीरपणे सांगितलं नव्हतं. मायकेल बोलला १९९८ मध्ये, मार्टिन थेट २०१० मध्ये. लँबर्टने जून २००९ मध्येच, ‘अमेरिकन आयडॉल’ ही टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा संपल्यावर महिन्याभरात सांगून टाकलं. म्हणजे समलिंगी म्हणून जगजाहीर असताना अव्वल आलेला पहिला पुरुष गायक, असा दावा केला तर तो टिकतो. आणि तो काही लहान नाही.

दुसरी गफलत आकड्यांची. अव्वल आला म्हणजे समलिंगी गायकाचा लोकांनी केलेला स्वीकार वाढला, हे गणित जुळत नाही. मे २०१२ मध्ये लँबर्टचा ‘ट्रेसपासिंग’ हा अल्बम पहिल्या आठवड्यात सुमारे ७७ हजार प्रती खपून पहिला आला. नोव्हेंबर २००९ मधला त्याचा पहिला अल्बम मात्र सुमारे १ लाख ९८ हजार खपूनही तिसराच राहिला, कारण त्याच आठवड्यात गायिका सुझन बॉयलचा अल्बम सुमारे ७ लाख खपला होता! क्रमांक त्या आठवड्याच्या स्पर्धेवर ठरतो. स्वीकार मोजायचाच तर २०१४ पासून ‘क्वीन’ या रॉक बँडसोबत त्याने केलेले जगभरचे दौरे बघा.