अडुसष्ट अंशांवर अडलेल्या बरगड्या

रात्री साडेबाराला फोन वाजला की आधी छातीत धस्स होतं. पुतण्या होता, कॅन्सस सिटीहून. तिकडे रविवार दुपारचे दोन वाजलेले.

"काका, ओव्हन गेला बहुतेक. पाच वाजता लोक जेवायला येणारेत आणि रिब्ज तासभर 68 वरच बसल्यात. काटा हलायला तयार नाही."

"ओव्हन कितीवर आहे?"

"250 फॅरनहाइट."

म्हणजे 121 अंश सेल्सिअस; त्याचा 68 चा आकडाही सेल्सिअसमधलाच. ओव्हनमधली हवा 121 वर, तिच्यात ठेवलेल्या रिब्ज, म्हणजे डुकराच्या बरगड्या, 68 वर, आणि तासाभरात काही फरक नाही. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, हे आपण सातवी-आठवीत शिकलो. मग तासभर ओव्हनने दिलेली उष्णता गेली कुठे? माझी झोप उडाली ती उडालीच.

आधी पदार्थाविषयी थोडं. आपल्याकडे बार्बेक्यू म्हटलं की टेबलाच्या मधोमध निखारे आणि त्यावर सळईला टोचलेले कबाब आठवतात. अमेरिकेत त्याला ग्रिलिंग म्हणतात. तिकडचा खरा बार्बेक्यू म्हणजे मंद आच, धूर आणि चार-सहा तासांची सबुरी. कॅन्सस सिटी त्यासाठी प्रसिद्ध. तिथला सॉस टोमॅटोचा, दाट आणि गोड. त्यात मोलॅसिस असतं, म्हणजे आपल्या काकवीचीच काळी, किंचित कडवट बहीण. पुतण्याच्या इमारतीत बाल्कनीत कोळसा पेटवायला बंदी, म्हणून ओव्हन. आणि तो करत होता त्या 'बेबी बॅक रिब्ज'चं नाव ऐकून हळहळणाऱ्यांसाठी सांगतो: त्या पिल्लाच्या नसतात. पूर्ण वाढलेल्या डुकराच्या पाठीच्या कण्यालगतच्या आखूड बरगड्या, एवढंच.

आता 68 अंशांकडे. बार्बेक्यूवाल्यांना हा थांबा चांगला ठाऊक आहे. खांद्याचा मोठा तुकडा असेल तर पारा 65 ते 75 च्या दरम्यान कुठेतरी कित्येक तास ठिय्या देतो. रिब्ज पातळ असल्याने त्यांचा मुक्काम लहान. यावर फार वर्षं एक स्पष्टीकरण चालत आलं: मांसातलं कोलॅजन वितळतंय, सगळी उष्णता त्यात खर्च होतेय. ऐकायला छान. बर्फ वितळताना पारा शून्यावर थांबतो, तसंच काहीसं. पण हे चूक आहे, आणि ते चूक असल्याचं सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही. बरगड्या अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा. आत तेच मांस, तेवढंच कोलॅजन, ते विरघळतंही. पण थांबा गायब! पारा सरळ वर चढतो. फॉइलने अडवलं काय? फक्त वाफ.

म्हणजे चोर पाणी आहे.

आम्ही नागपूरकर हे मे महिन्यात रोज बघतो. बाहेर 45 अंश आणि माठातलं पाणी गार. माठ पाझरतो, पृष्ठभागावरचं पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. किती? दहावीच्या पुस्तकातला आकडा आठवा: 100 अंशांचं एक ग्रॅम पाणी वाफ होताना 540 कॅलरी लागतात, त्याहून कमी तापमानाला थोड्या जास्तच. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी पुरते, त्याच्याशी ताडून बघा. ओव्हनमध्ये बरगड्यांवरून 100 ग्रॅम पाणी उडालं, म्हणजे जेमतेम अर्धी वाटी, तर 54,000 कॅलरी गेल्या. तेवढ्यात एक किलो पाणी 54 अंशांनी तापलं असतं! कोलॅजनचा खर्च यापुढे किरकोळ. एक तर मांसात ते वजनाने थोडं, आणि ग्रॅमला ग्रॅम धरला तरी त्याचा पीळ उलगडायला लागणारी उष्णता पाण्याची वाफ करायला लागणाऱ्या उष्णतेच्या पासंगालाही पुरत नाही.

पण पारा नेमका थांबतो का? हळूहळू का होईना, चढत का नाही? इथे मला खरी गंमत वाटते, तेव्हा जरा धीर धरा. जमाखर्च मांडू. जमेच्या बाजूला ओव्हनकडून येणारी उष्णता. ती हवा आणि मांस यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून. मांस 40 वर असताना फरक 81 अंशांचा, 68 वर पोचलं की 53 चा. म्हणजे आवक जवळजवळ एक तृतीयांशाने घटली. खर्चाच्या बाजूला बाष्पीभवन. ते पृष्ठभागावरच्या पाण्याच्या बाष्पदाबावर, म्हणजे वाफ होऊन निसटण्याच्या त्याच्या जोरावर, ठरतं, आणि बाष्पदाब तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, उसळी मारतो. 40 अंशांना तो साधारण 7.4 किलोपास्कल, 68 ला 28 च्या वर. जवळपास चौपट. एक रेघ उतरतेय, दुसरी जिना चढावा तशी चढतेय. त्या कुठेतरी एकमेकींना छेदणारच. त्या छेदनबिंदूवर जेवढी उष्णता आत येते तेवढी सगळी वाफेबरोबर बाहेर जाते. मांस तापवायला शिल्लक शून्य.

वेधशाळेच्या पांढऱ्या झडपांच्या पेटीत दोन तापमापक शेजारी असतात. एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळलेली. ओला सहसा कमी दाखवतो, आणि दोघांतल्या फरकावरून हवेतली आर्द्रता काढतात. पुतण्याच्या ओव्हनमध्ये ही जोडगोळी पूर्ण होती: ओव्हनचा तापमापक कोरडा, बरगड्या म्हणजे ओला फुगा. तो बिचारा वेधशाळा चालवत होता आणि त्याला वाटत होतं ओव्हन बिघडला. त्यात त्याने ओव्हनचा पंखाही लावला होता. माठाला वारा लागला तर काय होतं ते सांगायला नको.

हेच सूत्र धरून आणखी एक गैरसमज निकालात निघतो. 'ओव्हनमध्ये पाण्याचं भांडं ठेवा, मांस रसाळ राहतं,' असं सगळे सांगतात. ते पाणी मांसात शिरत नाही. ते हवा दमट करतं, म्हणून बाष्पीभवन मंदावतं आणि मांस लवकर तापतं. नागपूरचा कूलर मुंबईत का चालत नाही, त्याचंच हे उत्तर.

बरगड्या उघड्याच ठेवल्या, काही गुंडाळलं नाही, तरी थांबा कधीतरी संपतो. पृष्ठभाग वाळून साल धरतो, आतून पाणी तितक्या वेगाने वर येत नाही, खर्च आटतो आणि पारा पुन्हा हलतो. त्या काळपट, खमंग सालीला बार्बेक्यूवाले बार्क म्हणतात आणि तिच्यासाठी जीव टाकतात. पाणी असेतो पृष्ठभाग 100 च्या खालीच राहतो, त्यामुळे खमंगपणा देणाऱ्या मायार अभिक्रियेला (लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ती 1912 साली मांडली) ओल्या पृष्ठभागावर वेगच येत नाही.

"पण 68 म्हणजे शिजलंच ना? काढू का बाहेर?" पुतण्याचा रास्त प्रश्न. खायला सुरक्षित, हो. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2011 साली डुकराच्या अखंड तुकड्यांसाठी 63 अंश आणि वर तीन मिनिटांचा विसावा पुरेसा ठरवला. पण 68 वर काढलेली रिब चावणं म्हणजे चपलेचा पट्टा चावणं. बरगडीच्या आसपास जोडऊती फार, आणि तिच्यातलं कोलॅजन म्हणजे तीन साखळ्या पिळून केलेला दोर. 70 च्या पुढे, आणि वेळ दिला तरच, तो दोर सुटतो आणि त्याचं जिलेटिन होतं. 90 ते 95 अंशांना हे काम झपाट्याने होतं. सुतार ज्या सरसाने लाकूड चिकटवायचे तो कातडी-हाडं उकळून केलेला हाच पदार्थ, आणि पायाच्या सुपाने ओठ चिकटतात तेही याच्यामुळेच.

जाता जाता: हल्ली कोलॅजनची पावडर महागड्या डब्यांतून विकतात, प्या म्हणे आणि सुरकुत्या घालवा. पोटात गेल्यावर ते इतर प्रथिनांसारखंच तुटतं. आपण सुरकुत्यांसाठी प्यायलो हे आतड्याला कळत नाही. पायाचं सूप निदान चविष्ट तरी असतं.

मी पुतण्याला तीन गोष्टी सांगितल्या. पंखा बंद कर. बरगड्या फॉइलच्या दोन थरांत गच्च गुंडाळ. तासाभराने उघड, चिमट्याने पट्टी एका टोकाला धरून उचल. ती मधोमध वाकून वरचं मांस चिरायला लागलं की झालं. सॉस आत्ता लावायचा नाही. त्यात साखर इतकी की दोन तासांत कोळसा होईल. शेवटची दहा मिनिटं, फॉइल काढून, वरच्या आचेखाली.

"आणि धूर?"

धूर ओव्हनमध्ये येत नाही. धुरी दिलेली पॅप्रिका, म्हणजे सौम्य लाल मिरचीची पूड, किंवा बाटलीतला द्रवरूप धूर, यांवर भागवायचं. दुसऱ्या गोष्टीला नाक मुरडायचं कारण नाही. लाकडाचा धूर थंड करून साठवायचा हा धंदा 1895 मध्ये त्याच्याच कॅन्सस सिटीत अर्नेस्ट राइट नावाच्या औषधविक्रेत्याने सुरू केला. हाटेलातल्या रिब्जमध्ये दिसणारी गुलाबी कड मात्र मिळणार नाही. ती धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडमुळे येते, आणि तिला चव नसते.

पावणेएकला फोन ठेवला. सकाळी उठून पाहिलं तर तीन फोटो आले होते. पहिल्यात रिकामी हाडं, दुसऱ्यात चार पाहुणे बोटं चाटताना. तिसरा फ्रिजमधल्या काचेच्या वाटीचा: फॉइलमध्ये साचलेला रस त्याने रात्री त्यात ओतून ठेवला होता. वर चरबीचा पांढरा थर, खाली तपकिरी, पारदर्शक काहीतरी. वाटी त्याने हातात उलटी धरली होती आणि आतलं काही पडत नव्हतं.