सर्व्हिस क्लबचे सेवाप्रकल्प

सर्व्हिस क्लब म्हणजे आपापला धंदा, नोकरी, प्रॅक्टिस सांभाळून ठरलेल्या दिवशी एकत्र जमणाऱ्या आणि आपण राहतो त्या भागासाठी पदरचा वेळ नि पैसा घालणाऱ्या लोकांचा क्लब. रोटरी, लायन्स, किवानिस, इनर व्हील, राउंड टेबल, झोन्टा ही त्यातली जगभर पसरलेली नावं. वरती डिस्ट्रिक्ट, म्हणजे एका भागातल्या क्लबांचा गट असतो, त्याच्याही वर आंतरराष्ट्रीय संघटना असते, पण कुठल्या शाळेत पाण्याची टाकी बसवायची आणि कुठल्या वस्तीत डोळे तपासणीचा कॅम्प लावायचा हे तिथले मेंबरच ठरवतात, आणि माझ्या मते या सगळ्या पद्धतीचा जीव त्यातच आहे, कारण रोज त्या रस्त्याने जाणाऱ्यालाच तिथला खड्डा ठाऊक असतो.

पहिला क्लब रोटरीचा. 23 फेब्रुवारी 1905 ला शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील तीन ओळखीच्यांना घेऊन बसला, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण इंजिनिअर, एक शिंपी. आळीपाळीने, म्हणजे रोटेशनने, एकमेकांच्या ऑफिसात जमायचे म्हणून नाव पडलं रोटरी. तेव्हा समाजसेवा वगैरे डोक्यात नव्हती, मोठ्या शहरात चार विश्वासाची माणसं असावीत आणि धंद्यात एकमेकांना हात द्यावा इतकंच होतं. मग 1907 च्या सुमारास क्लबने शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून पाठपुरावा सुरू केला, आणि हेच रोटरीचं पहिलं समाजोपयोगी काम धरलं जातं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण पहिलं काम म्हणून त्यांनी पुतळा नाही उभारला, कारंजं नाही बांधलं, बाहेर पडलेल्या माणसाची रोजची अडचण उचलली. डेट्रॉइटला 1915 मध्ये निघालेलं किवानिससुद्धा आधी धंद्यासाठीच होतं, नंतर सेवेकडे वळलं. लायन्सची स्थापना 1917 ची, शिकागोतल्या विमा व्यवसायातल्या मेल्विन जोन्स यांनी केलेली, आणि त्यांचं म्हणणंच असं होतं की कर्तबगार माणसं जमतातच आहेत तर नुसता एकमेकांचा फायदा कशाला बघायचा, ही ताकद गावाच्या कामी का लावू नये.

स्थानिक क्लबच्या नजरेतून काय घडू शकतं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे पांढरी काठी. 1930 मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया शहरातल्या लायन्स क्लबचे प्रेसिडेंट जॉर्ज बॉनहॅम यांनी एका अंध माणसाला रस्ता ओलांडताना धडपडताना पाहिलं, त्याच्या हातातली काठी काळी आणि रस्ताही गडद, त्यामुळे गाडीवाल्यांना ती दिसतच नव्हती. क्लबने काठ्या पांढऱ्या रंगवल्या, लाल पट्टा दिला, अंध लोकांना वाटल्या, आणि तेवढ्यावर न थांबता पांढऱ्या काठीवाल्याला आधी रस्ता द्यायचा असा नियम शहराच्या कौन्सिलकडून करून घेतला. ब्रिटन आणि फ्रान्समध्येही ही कल्पना वेगळी सुचली होती, म्हणजे शोधाचा मान एकट्या क्लबचा नाही, पण ती गावोगाव पोचवण्याचं काम लायन्सने मनापासून केलं. त्याच्या पाच वर्षं आधी, 1925 ला, ओहायोतल्या अधिवेशनात हेलन केलर यांनी लायन्सना अंधत्वाविरुद्ध उभं राहायचं आवाहन केलं होतं, आणि डोळ्यांचं काम आजही लायन्सची ओळख आहे.

डोळ्यांचा कॅम्प बाहेरून एका दिवसाचा दिसतो पण काम आधी आणि नंतर असतं. आधी घरोघर सांगायचं, नेत्रतज्ज्ञ आणि हॉस्पिटल ठरवायचं, तपासणीत मोतीबिंदू निघालेल्यांची यादी करायची, ऑपरेशनच्या दिवशी न्यायला गाडी, सोबत कुणी येणार का, नसेल तर क्लबमधलं कोण जाणार, मग ऑपरेशननंतर थेंब वेळेवर घालतायत का, पुन्हा तपासणीला आले का, चष्म्याचा नंबर काढला का. ज्या क्लबने तपासलेल्यांचा आकडा छापला आणि दिसायला लागलेल्यांचा मोजला नाही त्याचं काम अर्धंच झालं असं मी म्हणेन. हेच पाण्याच्या फिल्टरचं, बसवताना फोटो निघतो पण कार्ट्रिज (आतली गाळणी) बदलायला पुढे कोण येणार आणि त्याचे पैसे कुठून येणार हे आधी ठरलेलं नसेल तर मशीन बंद पडून भिंतीवर राहतं. झाडांचं तर बोलायलाच नको, लावणं एका सकाळचं, पाणी घालणं दोन-तीन उन्हाळ्यांचं. म्हणून रोटरी फाउंडेशनच्या मोठ्या ग्रँटसाठी आता आधी त्या लोकांना विचारून गरजांची पाहणी करावीच लागते, आणि काम पुढे कसं टिकेल हेही लिहून द्यावं लागतं, ही अट चांगलीच आहे.

पैसा मेंबरांच्या वर्गणीतून, देणग्यांतून आणि कार्यक्रमांच्या तिकिटांतून उभा राहतो. यात एक शिस्त फार महत्त्वाची, क्लब चालवायचा खर्च आणि प्रोजेक्टचा पैसा वेगळा ठेवायचा. लायन्समध्ये तर नियमच आहे की लोकांकडून गोळा केलेला पैसा लोकांच्याच कामी जायला हवा, मेंबरांच्या जेवणावळी त्यातून नाहीत. ट्रेझरर या बाबतीत कडक असला की देणारा दुसऱ्या वर्षीही देतो.

छोटे क्लब एकत्र आले की काय होतं ते पोलिओत दिसलं. 1979 मध्ये रोटरीने फिलिपाइन्समध्ये सुमारे 60 लाख मुलांना लस देण्याचा प्रोजेक्ट घेतला, 1985 ला पोलिओप्लस ही रोटरीची पोलिओविरुद्धची मोहीम सुरू झाली, 1988 ला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफसारख्यांबरोबर जागतिक मोहीम उभी राहिली. त्या वेळी 125 देशांत वर्षाला अंदाजे साडेतीन लाख केसेस व्हायच्या, आता पोलिओच्या जंगली, म्हणजे निसर्गतः पसरणाऱ्या विषाणूचा कायमचा वावर अफगाणिस्तान आणि पाकिस्तान या दोनच देशांत उरलाय. निधी जमवणं, सरकारांच्या मागे लागणं हे होतंच, पण बूथवर बसणारे, लसीच्या बर्फपेट्या पोचवणारे, दार न उघडणाऱ्या घरातल्या आजीशी बोलणारे स्थानिक मेंबरही होते.

बायकांना मात्र या क्लबांनी फार उशिरा आत घेतलं आणि हे सांगितल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. 1924 मध्ये मँचेस्टरला मार्गारेट गोल्डिंग यांनी रोटेरियनांच्या, म्हणजे रोटरीच्या मेंबरांच्या, घरच्या बायकांना घेऊन इनर व्हील काढलं, म्हणजे काम करायला त्या केव्हाच तयार होत्या. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या रोटरी क्लबने 1977 ला तीन बायकांना मेंबर केलं तर क्लबचीच मान्यता गेली, प्रकरण कोर्टात गेलं आणि 4 मे 1987 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दुआर्ते क्लबच्या बाजूने दिला. लायन्सनेही त्याच वर्षी दार उघडलं. रोटरीला पहिली महिला आंतरराष्ट्रीय अध्यक्ष, जेनिफर जोन्स, मिळाली ती 2022 मध्ये.

तरुणांसाठी इंटरॅक्ट, रोटरॅक्ट, लिओ, की क्लब असे वेगळे गट आहेत.

एक दुखणं जवळजवळ सगळीकडे आहे, प्रेसिडेंट एका वर्षाचा. रोटरी आणि लायन्सचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं, नवा माणूस नवा उत्साह आणि नवा प्रोजेक्ट घेऊन येतो आणि गेल्या वर्षीचा प्रोजेक्ट पोरका होतो. जाणते क्लब यावर उपाय म्हणून मागचा, आताचा आणि पुढचा असे तिघे प्रेसिडेंट एकाच कमिटीत बसवतात, दोन-तीन कामं कायमची ठरवून ठेवतात, आणि चार्ज देताना बॅनर-घंटेबरोबर एक वहीही देतात, ज्यात कुठल्या शाळेचा फिल्टर कधी साफ करायचा, कुणाचं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलंय आणि व्हीलचेअर दिलेल्या घरी शेवटची चक्कर कोणी मारली हे लिहिलेलं असतं.