बाटलीच्या गळ्यातला पाच मिलिग्रॅमचा तुकडा

पाण्याच्या साध्या बाटलीत उकळतं पाणी ओतलं की ती आक्रसून वेडीवाकडी होते. या बाटलीचा गळा आणि पोट एकाच प्लास्टिकचे, पेटचे. पण दोघांची आतली रचना वेगळी. गळा साच्यात झटकन थंड केलेला, म्हणून त्यातल्या रेणूंच्या साखळ्या अस्ताव्यस्त गुंतलेल्या. पोट हवेनं फुगवताना ताणलं जातं आणि त्या ताणानं साखळ्या जागोजागी ओळीनं रचल्या जातात, म्हणजे स्फटिक तयार होतात. दोन्ही भाग पारदर्शकच, त्यामुळे डोळ्यांना फरक कळत नाही.

तो कळतो डीएससीत, म्हणजे डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमीटरमध्ये. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमेट वॉटसन आणि मायकेल ओनील यांनी हे यंत्र घडवलं. ॲल्युमिनियमची दोन चिमुकली पॅन, एकात नमुना, दुसरं रिकामं. दोन्ही सारख्याच वेगानं, बहुधा मिनिटाला 10 अंशांनी, तापवायची आणि नमुन्याकडे जाणारी उष्णता किती कमी-जास्त होते ते टिपायचं. बटण दाबल्यावर यंत्र सगळं आपलं आपण करतं. प्रयोग बिघडतो तो बटण दाबायच्या आधी.

पहिली गोष्ट, हातात काय आहे ते ओळखा. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात 1 असेल तर पेट. 3 असेल तर पीव्हीसी, आणि तिथे थांबायचं. पीव्हीसी 200 अंशांच्या पुढे हायड्रोजन क्लोराइड सोडू लागतं आणि हा आम्लवायू यंत्राचा महागडा सेन्सर खातो. अनोळखी नमुना म्हणूनच आधी टीजीए नावाच्या दुसऱ्या यंत्रात घालतात. तिथे तापवता तापवता वजन मोजलं जातं, त्यामुळे पदार्थ कोणत्या तापमानाला तुटू लागतो ते कळतं. डीएससीची वरची मर्यादा त्याच्या बरीच खाली ठेवायची. पेटसाठी 280 ते 290 अंश पुरे.

मग कापणं. नमुना हवा पाच-दहा मिलिग्रॅम. तांदळाचा एक दाणा साधारण 20 मिलिग्रॅमचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. धारदार पात्यानं पातळ, सपाट चकती काढायची, ती चिमट्यानंच उचलायची. कानशीनं घासून भुकटी केलीत तर घासताना नमुना तापतो, ताणला जातो आणि जे मोजायचं तेच बदलून बसतं. तुकडा वाकडा असेल तर पॅनला एकाच टोकाशी टेकतो, उष्णता उशिरा पोचते, आलेखातलं शिखर पसरट होऊन पुढे सरकतं. माझ्या पहिल्या प्रयोगात हेच झालं होतं. दोन दिवस मी दोष यंत्राला देत होतो!

वजनात 0.1 मिलिग्रॅमची चूक क्षुल्लक वाटते, पण पाच मिलिग्रॅमवर ती दोन टक्के होते. झाकण दाबून बसवल्यावर पॅनचं बूड तपासायचं. तिथे चिकटलेला कण वितळून थेट सेन्सरवर जातो.

ओलाव्याचं काय? पावसाळ्यात डबा उघडा राहिला की कुरकुरीत चिक्की चिवट होते, ते आठवा. पाण्याचे रेणू साखरेच्या काचेत, म्हणजे रेणू अस्ताव्यस्त असलेल्या कडक साखरेत, शिरतात आणि ती नेहमीपेक्षा कमी तापमानालाच मऊ पडते. नायलॉनचं नेमकं हेच होतं. पेटला आणखी एक धोका असतो: वितळलेल्या अवस्थेत पाणी त्याच्या साखळ्याच तोडतं. पण सुकवायला म्हणून गळ्याचा तुकडा 120 अंशांच्या भट्टीत टाकू नका, तिथे तो स्फटिक बनवू लागेल. 50 अंशांखाली, निर्वात भट्टीत ठेवलेला बरा.

यंत्राची परीक्षा इंडियम धातूवर घ्यायची. तो 156.6 अंशांना वितळतो. यंत्रानं 158 दाखवलं तर आधी ते दुरुस्त करायचं. नायट्रोजन सुरू आहे ना, तेही बघायचं, नाहीतर हवेतल्या ऑक्सिजनची अभिक्रिया आलेखात घुसते.

आता गळा तापवला की काय दिसतं? 75 अंशांच्या आसपास एक छोटी पायरी, गळ्यातली काचेसारखी अस्ताव्यस्त रचना मऊ पडल्याची. 130 अंशांजवळ उष्णता बाहेर टाकणारं शिखर, कारण मोकळ्या झालेल्या साखळ्या आत्ता कुठे रचू लागतात. 250 अंशांजवळ वितळणं. पोटाच्या तुकड्यात मधलं शिखर जवळजवळ नसतं, रचना आधीच झालेली असते. नेमकं इथे विद्यार्थी फसतात. समजा दोन्ही तुकड्यांना वितळायला ग्रॅममागे 45 ज्यूल लागले. पूर्ण स्फटिकी पेटला 140 लागतात, म्हणून दोन्ही 32 टक्के स्फटिकी, असं उत्तर लिहिलं जातं. पण गळ्यानं वाटेत 35 ज्यूल बाहेर टाकले असतील, तर मूळचे स्फटिक 10 ज्यूलांचेच, म्हणजे सात टक्के. उरलेले आपण तापवताना तयार केले.

हा सगळा इतिहास पहिल्याच तापवण्यात दिसतो. एकदा वितळला की पुसला जातो, आणि दुसऱ्या फेरीत गळा-पोट जवळपास सारखेच दिसतात. बाटली कशी बनली हे विचारायचं असेल तर पहिली फेरी, पदार्थ मुळात कसा आहे हे विचारायचं असेल तर दुसरी. कोणता प्रश्न, ते वहीत आधीच लिहून ठेवा.

प्रयोग संपल्यावर पॅन फेकू नका, परत तोला. वजन घटलं असेल तर नमुन्यातून काहीतरी उडून गेलंय आणि त्या आलेखावर अजून सही करायची नाही.