अ‍ॅशलंडचं लिथिया पार्क : गिरणीचा ओढा आणि फसलेलं औषधी पाणी

आपल्याकडे ‘क्रीक’ म्हटलं की ठाण्याची खाडी डोळ्यांपुढे येते : भरती-ओहोटी, चिखल, तिवरं. अमेरिकेच्या पश्चिम भागात मात्र क्रीक म्हणजे साधा ओढा. ऑरेगन राज्याच्या दक्षिण टोकाला, कॅलिफोर्नियाच्या हद्दीलगत, अ‍ॅशलंड नावाचं वीस-एकवीस हजार वस्तीचं शहर आहे. सिस्किऊ डोंगरातून उतरणारा अ‍ॅशलंड क्रीक थेट गावच्या चौकात येतो आणि त्याच्या काठाने ९३ एकरांची बाग डोंगराकडे चढत जाते. हेच लिथिया पार्क. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून गाडीने पोर्टलंडकडे निघालेली मराठी मंडळी वाटेत इथे पाय मोकळे करतात, चौकातल्या कारंज्याचं पाणी हौसेने तोंडात घेतात आणि तितक्याच घाईने थुंकतात. बागेला नाव त्याच पाण्याचं. बाग मात्र त्या पाण्यामुळे सुरू झालेली नाही.

हा मुलूख मूळचा शास्ता लोकांचा. १८५२ मध्ये एबल हेलमन आणि एबर एमरी हे वसाहतवाले आले. ओढ्याला उतार चांगला, म्हणून त्यांनी आधी लाकूड कापायची गिरणी उभारली आणि १८५४ मध्ये पिठाची. गावाचं नावही ‘अ‍ॅशलंड मिल्स’ पडलं. त्यातलं ‘मिल्स’ १८७१ मध्ये गळालं. गिरणीसमोरची मोकळी जागा म्हणजे आजचा चौक, प्लाझा. डिसेंबर १८८७ मध्ये पोर्टलंड आणि सॅन फ्रान्सिस्कोकडून आलेले रूळ याच गावात जोडले गेले आणि गाव एकदम नकाशावर आलं. १८९३ पासून ओढ्याच्या वरच्या अंगाला ‘शोटाक्वा’ भरू लागलं. आपल्या वसंत व्याख्यानमालेची ही लांबची बहीण म्हणा, फक्त इथे व्याख्यानांच्या जोडीला गाणंबजावणं असे आणि लोक तंबू ठोकून मुक्कामाला येत.

गिरणीची मात्र रया गेली होती. गावाच्या ऐन दर्शनी भागात पडकी इमारत आणि ओढ्याकाठची घाण. १९०८ मध्ये गावातल्या बायकांनी नगरसुधारणा मंडळ काढलं आणि ‘इथे बाग करा’ असा धोशा लावला. त्याच वर्षी डिसेंबरात मतदान होऊन स्वतंत्र उद्यान मंडळ आणि त्यासाठीचा कर मंजूर झाला. गंमत अशी, की मागणी बायकांची आणि मतं पुरुषांची. ऑरेगनमधल्या स्त्रियांना मताचा हक्क मिळाला तो १९१२ मध्ये. गिरणी पाडली गेली. माझ्या मते बागेचा खरा जन्म हाच, पण गावात बोलबाला झाला तो पुढच्या अध्यायाचा.

गावापासून काही मैलांवर लिथियमयुक्त पाण्याचा झरा सापडला होता. त्या काळी अशा पाण्याचं अमेरिकेला वेडच होतं. संधिवातापासून मनाच्या उदासीपर्यंत सगळ्यावर ते उतारा मानलं जाई. स्थानिक वृत्तपत्राचे संपादक बर्ट ग्रीअर यांनी हे पाणी गावात आणून अ‍ॅशलंडला आरोग्यनगरी करायचा घाट घातला. १९१४ मध्ये लोकांनी १,७५,००० डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. जेमतेम पाच हजारांच्या आसपास वस्तीच्या गावाने डोक्यावर घेतलेलं हे कर्ज! नळ टाकले गेले. बागेची आखणी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कचे प्रमुख जॉन मॅक्लारेन यांच्याकडे सोपवली. त्यांनी ओढ्याला हात लावला नाही. तो वाहतो तसा वाहू दिला आणि वाटा, झाडं, तळी त्याच्या कलाने बसवली. जुलै १९१६ मध्ये तीन दिवसांच्या समारंभाने उद्घाटन झालं.

आरोग्यनगरी काही झाली नाही. औषधी पाण्याची लाट ओसरली, आणि १९२७ च्या सुमारास रेल्वेने मुख्य मार्गच दुसरीकडून नेला. कर्ज राहिलं, बाग राहिली. शोटाक्वाही बंद पडलं; त्याच्या सभागृहाचा घुमट उतरवला, गोल भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. अँगस बोमर नावाच्या तरुण शिक्षकाला त्या भिंती पाहून शेक्सपिअरकालीन नाट्यगृह आठवलं. १९३५ च्या जुलैत त्याने तिथे शेक्सपिअरची नाटकं लावली. नाटकं बुडणारच, या खात्रीने गावाने खर्च भरून काढायला त्याच मंचावर दुपारी मुष्टियुद्धाच्या लढती ठेवल्या. बुडाल्या त्या लढती. त्यांची तूट नाटकांनी भरली. ऑरेगन शेक्सपिअर फेस्टिव्हल आजही बागेला खेटून चालतो आणि गावाचं बरंचसं पोट त्यावर आहे.

ओढ्याला न बांधण्याची किंमतही गावाने मोजली आहे. १९७४ मध्ये पूर आला, आणि १९९७ च्या १ जानेवारीला तर ओंडके-दगड घेऊन आलेलं पाणी बाग उसकटून चौकातल्या दुकानांत शिरलं. पिण्याच्या पाण्याची यंत्रणाही कोलमडली. नववर्षाला सगळीकडे पाणी आणि नळ कोरडे. १९८२ मध्येच बागेची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत नोंद झाली होती.

चौकातलं कारंजं अजून चालू आहे. चव? इनोच्या फसफसत्या पेल्यात चमचाभर मीठ आणि गंजका खिळा टाकावा, तशी. त्या पाण्यात लिथियमबरोबर बेरियमही आहे, म्हणून ते बेताने प्यावं असं सांगतात. तो सल्ला द्यायची खरं तर गरज नाही. दुसरा घोट घेणारा माणूस तिथे सहसा दिसत नाही.