हनुवटी लहान की वरचा जबडा लांब?

बाजूने काढलेल्या फोटोत हनुवटी आत गेलेली दिसली की पहिला संशय हनुवटीवरच जातो. फिलर (सुईने कातडीखाली सोडायचं जेल) भरावं किंवा इम्प्लांट (कृत्रिम तुकडा) बसवावं, की झालं काम, असं वाटतं. जबड्याचे सर्जन आणि ऑर्थोडॉन्टिस्ट (दात-जबड्यांची ठेवण सुधारणारे दंतवैद्य) मात्र आधी मोजमाप घेतात, आणि कधीकधी खोट भलत्याच जागी सापडते.

चेहऱ्याचे उभे तीन भाग धरतात: केसांच्या रेघेपासून भुवयांच्या मधल्या जागेपर्यंत, तिथून नाकाच्या तळापर्यंत आणि तिथून हनुवटीच्या खालच्या कडेपर्यंत. हे तिन्ही सारखे असावेत, असं रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलं. खालच्या भागाचे पुन्हा तीन हिस्से धरले, तर वरच्या ओठाचा एक आणि ओठांच्या फटीपासून हनुवटीपर्यंत दोन.

मोजताना माणसाला सरळ उभं करून समोरच्या आरशात स्वतःच्या डोळ्यांत बघायला सांगतात. दाढा हलकेच टेकलेल्या आणि ओठ सैल. हे ‘ओठ सैल’च सगळ्यात अवघड! कॅमेरा समोर आला की आपण नकळत तोंड मिटतो. ज्यांचे ओठ सहज मिटत नाहीत त्यांना त्यासाठी जोर लावावा लागतो, आणि मग हनुवटीच्या कातडीवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे उमटतात. अनुभवी डॉक्टर मोजपट्टी काढण्याआधी ते खळगे बघतो. ओठ सैल सोडल्यावर मध्ये ३ मिमीपर्यंत फट आणि वरचे पुढचे दात २ ते ४ मिमी दिसणं हे तरुण वयात नेहमीचं.

आता समजा फट ८ मिमी आहे, हसताना हिरड्या भरपूर दिसतात आणि वरच्या ओठाची लांबी मात्र ठीक आहे. म्हणजे वरचा जबडाच उंचीला जास्त वाढलाय. त्याने खालचा जबडा कानाजवळच्या बिजागरीवर फिरून खाली आणि मागे गेला, म्हणून हनुवटी आत दिसते. इथे हनुवटीत फिलर भरून चेहऱ्याची लांबी कमी होत नाही, ओठही मिटत नाहीत. सर्जन वरचा जबडा आडवा कापून काही मिलिमीटर वर बसवतात. खालचा जबडा आपोआप वर-पुढे फिरतो आणि हनुवटीला हात न लावता ती पुढे येते. मला या सगळ्या शास्त्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

अर्थात हे नुसत्या मोजपट्टीवर ठरत नाही. १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ या दंतवैद्यांनी डोकं ठरावीक जागी धरून, ठरावीक अंतरावरून बाजूचा एक्स-रे काढण्याची पद्धत स्वतंत्रपणे मांडली. हाड आणि त्यावरचं मांस एकाच चित्रात मोजता येऊ लागलं. अंतर का महत्त्वाचं, हे सेल्फीवरून कळेल: हातभर अंतरावरून नाक फुगतं आणि बाकीचा चेहरा मागे सरतो. असला फोटो दाखवून उपचार मागू नयेत.

प्रमाणांचंही तसंच. कॅनडातल्या लेस्ली फार्कस यांनी १९८५ मध्ये तरुण गोऱ्या उत्तर अमेरिकी लोकांचे चेहरे मोजले, तर जुने नियम बहुतेकांना लागूच पडेनात. नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत अमेरिकी ऑर्थोडॉन्टिस्ट रिकेट्स यांनी आखलेली रेषाही गोऱ्या चेहऱ्यांवरून आलेली. तिच्यामागे ओठ हवेत म्हणून आपल्याकडच्या भरल्या ओठांच्या माणसाचे दात काढून ओठ आत न्यायचे, हे मला पटत नाही. सुवर्ण गुणोत्तरावरून (१.६१८ या प्रमाणावरून) आखलेल्या ‘आदर्श’ चेहऱ्याच्या मुखवट्यांबद्दल तर न बोललेलं बरं.

शस्त्रक्रिया सहसा वाढ थांबल्यावरच करतात, आणि आधी-नंतर बराच काळ दातांना तारा असतात. संगणकावर दाखवलेला ‘नंतरचा’ चेहराही अंदाजच असतो. हनुवटीचं हाड पुढे सरकवलं तर वरची कातडी जवळजवळ तेवढीच सरकते. ओठ मात्र हाडाच्या मागे तितके इमानाने येत नाहीत.